कवळीसोबत दातांचा नंबरही लिहून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मिरजेत डेंटल मेकॅनिक आहे, म्हणजे दातांच्या कवळ्या बनवतो. चौतीस वर्षं झाली या कामात. बऱ्याच लोकांना वाटतं कवळी डॉक्टरच बनवतात, तसं नसतं. डॉक्टर तोंडातलं माप घेतात, ट्रायल बघतात आणि शेवटी कवळी बसवून देतात, पण मधलं सगळं काम, म्हणजे प्लास्टरचं मॉडेल, मेणावर दात लावणं, शिजवणं, घासणं, पॉलिश, हे आमच्यासारख्या लॅबमध्ये होतं. १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये आमची व्याख्याच अशी आहे की कवळ्या आणि दातांची उपकरणं बनवणारा किंवा दुरुस्त करणारा माणूस. तोंडात हात घालणं आमचं काम नाही आणि ते बरोबरच आहे. पण टेबलावर येतं ते सगळं आम्ही बघतो, म्हणून एक गोष्ट लिहायची आहे जी पेशंटला कुणी सांगत नाही, आणि आमच्या लाईनमधलेपण बोलत नाहीत.

गोष्ट अशी की तुमच्या कवळीतल्या प्रत्येक दाताला नंबर असतो. आणि तो नंबर तुम्हाला कुणीही लिहून देत नाही.

माझ्या आईचंच सांगतो. आई आता ८१ ची आहे. नऊ वर्षांपूर्वी ती बहिणीकडे राहायला होती, तिकडेच उरलेले चार दात काढले आणि तिकडेच वरची-खालची पूर्ण कवळी करून घेतली, मी म्हणलं पण होतं की इकडे ये पण तिला तेवढा प्रवास नको होता. कवळी चांगली होती, खोटं कशाला बोलू, फिटिंग चांगलं, चेहरा पण भरलेला दिसायचा. गेल्या वर्षी शेंगदाण्याचा लाडू खाताना वरचा पुढचा एक दात निघाला, मधल्या दोन दातांच्या डावीकडचा. लाडवाबरोबर पोटात गेला का ताटात राहून धुतला गेला कळलं नाही, सापडलाच नाही. आई माझ्याकडे आली, रुमालात कवळी बांधून, मला म्हणाली तू तर हेच काम करतोस, लावून दे की एक दात.

आता तुम्हाला वाटेल एक दात लावायला काय लागतं. मी पण तिला उद्या देतो म्हणून सांगितलं. मग खिडकीपाशी बसलो आणि माझ्याकडे तयार दातांचे होते ते अकरा सेट एकेक करून तिच्या कवळीशेजारी धरून बघितले. एकाचा रंग जवळ यायचा तर दात रुंद, एकाची रुंदी बरोबर तर कड गोल, आणि तिच्या कवळीचे दात कडेला जरा सपाट होते. कुठल्या कंपनीचा सेट, कुठला मोल्ड म्हणजे दाताचा साचा, शेड म्हणजे रंगछटा काय, काहीच माहिती नाही. काही कंपन्या दाताच्या बुडाकडे बारीक खूण ठेवतात पण दात बसवताना नेमकं तेच बूड घासलं जातं आणि उरलेलं गुलाबी ॲक्रेलिकमध्ये, म्हणजे कवळीच्या हिरडीसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकमध्ये जातं, त्यामुळे वरून बघून काही कळत नाही. जिथे कवळी केली तिथे बहिणीला पाठवलं. तिथे नोंदीत फक्त 'फुल सेट' एवढंच लिहिलेलं आणि किती पैसे दिले ते. शेवटी एक रुंद दात घेऊन दोन्ही बाजूंनी घासून बसवला. आईने आरशात बघितलं आणि म्हणाली, हा पाहुणा दात कुणाचा रे. तेव्हापासून ती हसताना पदर तोंडाला लावायची. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कवळ्या केल्या आणि आईला एक दात जुळवून देता आला नाही, हे मला अजून लागतं.

बरं, हे दात काही हाताने एकेक कोरलेले नसतात. फॅक्टरीत साच्यातून काढलेले असतात, हजारोंनी. पूर्ण कवळीत साधारण २८ दात लावतो आम्ही, अक्कलदाढा लावत नाही, आणि ते सेटमध्ये येतात, वरचे पुढचे सहा, खालचे पुढचे सहा, वरच्या आठ दाढा, खालच्या आठ दाढा. प्लास्टिकच्या छोट्या पट्टीवर मेण असतं, त्या मेणात दात ओळीने खोचलेले असतात, आणि पट्टीवर किंवा तिच्या लेबलवर कंपनी, मोल्ड नंबर आणि शेड लिहिलेली असते. म्हणजे तोच दात परत मागवता यावा याची सोय बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेली आहे. आम्ही काय करतो, दात काढून घेतले की पट्टी कचऱ्यात. मी पण तेच केलं, कितीतरी वर्षं.

बदलता येणारा दात ही कल्पना काही आजची नाही. १८३० च्या दशकात लंडनमध्ये क्लॉडियस ॲश म्हणून एक सोन्याचांदीचं काम करणारा कारागीर होता, त्याने चिनी मातीचे दात बनवले ज्यांच्या आरपार उभं भोक असायचं. सोन्याच्या पत्र्यावर बारीक खुंटी डागायची आणि तिच्यावर दात वरून बसवायचा. दात फुटला तर खुंटी तिथेच, नवीन दात आणायचा आणि बसवायचा. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्टील नावाने फेसिंग, म्हणजे दाताचे चिनी मातीचे दर्शनी भाग, निघाले, ते आडनाव आहे, लोखंडाचं स्टील नव्हे. त्या दाताच्या पाठीला उभी खाच आणि ब्रिजच्या, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने तोंडात पक्क्या बसवलेल्या दातांच्या, सोन्यावर त्या खाचेत बसेल अशी पट्टी, म्हणजे कपाटाचं सरकतं दार खोबणीत बसतं ना तसं. त्याच्या आधीची पद्धत अशी की चिनी मातीचा दात सोन्याला जोडलेला असतानाच डाग द्यायला लागायचा, आणि विस्तवात दात तडकायचा. स्टीलच्या पद्धतीत धातूचं सगळं डागकाम आधी करून घ्यायचं आणि दात शेवटी सिमेंट लावून सरकवायचा, त्याला आग लागतच नाही. आणि पाच वर्षांनी पेशंटने सुपारी फोडताना दात फोडला तरी तोंडातला ब्रिज काढायला नको, जुने तुकडे साफ करायचे, त्याच नंबरचा दात दुकानातून आणायचा, सरकवायचा. मला हे डिझाईन फार आवडतं. ज्याने केलं त्याने दात बसवायच्या दिवशीच तो फुटायच्या दिवसाचा विचार केलेला आहे. पण हे सगळं कशावर चालायचं तर नंबरवर. नंबर माहीत नसेल तर ती खाच असून पण काही उपयोग नाही.

आता नंबर म्हणजे नक्की काय ते सांगतो, कारण अर्धवट नंबर लिहूनपण भागत नाही. लोकांना शेडचं तरी थोडं माहीत असतं, डॉक्टर ए-२, ए-३ म्हणतात ते. ती व्हिटा नावाच्या जर्मन कंपनीची पद्धत, सोळा शेड असतात, ए म्हणजे तांबूस तपकिरीकडे झुकणारी, बी पिवळसर, सी राखाडी, डी त्यातल्या त्यात तांबूस राखाडी. पण एका कंपनीचा ए-२ आणि दुसऱ्या कंपनीचा ए-२ शेजारी ठेवा, उन्हात बघा, फरक दिसतो. काही कंपन्यांची तर शेडची स्वतःची वेगळीच नंबरं असतात. मोल्डचं तर विचारूच नका, प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा, सगळ्यांना मिळून एक असा नंबरच नाही. म्हणून कंपनी, मोल्ड आणि शेड, तिन्ही लागतात, एक जरी राहिलं तरी मी परत त्या खिडकीपाशी अकरा सेट घेऊन बसलोच.

आणि हे फक्त दिसण्यापुरतं नाही. पुढच्या दाताचं एकवेळ चालेल, पण दाढ बदलताना चुकलं तर खाणंच बंद होतं. दाढांवर जे उंचवटे असतात त्यांचा उतार पण ठरलेला असतो, ३३ अंशांच्या दाढा असतात, २० च्या असतात, आणि अगदी सपाट म्हणजे शून्य अंशाच्या पण असतात. ज्यांची हिरडी झिजून पार सपाट झालेली असते त्यांना शक्यतो कमी उताराच्या दाढा लावतात कारण उंच टोकं एकमेकांत अडकली की चावताना कवळी सरकते. आता अशा सपाट सेटमध्ये कुणी हाताशी होती म्हणून एक ३३ ची दाढ बसवून दिली तर काय होणार, ती एकटीच आधी टेकणार, घास चावला की कवळी दुसऱ्या बाजूने उचलणार, आणि दोन दिवसात हिरडीला फोड. मग पेशंट म्हणतो कवळी बिघडली, आणि कवळी काढून डब्यात ठेवून देतो. अशा डब्यातल्या कवळ्या किती घरांत आहेत ते तुमच्या वाचकांनी आपापल्या घरात बघावं.

दात मुळात निवडतात कसे हे पण थोडं सांगायला पाहिजे, म्हणजे तो नंबर किती विचार करून ठरलेला असतो ते कळेल. चांगला डॉक्टर शेड दिवसाच्या उजेडात बघतो, ट्यूबलाईटखाली नाही. शेडचा नमुन्याचा दात ओला करून ओठाशी धरतात आणि पाच-सहा सेकंदांच्या वर टक लावून बघत नाहीत कारण डोळा त्या रंगाला सरावतो आणि मग सगळंच सारखं दिसायला लागतं. पेशंटची साडी गर्द लाल-हिरवी असेल तर वर फिकट कापड टाकतात. जुना फोटो असेल तर मागवतात, लग्नातला हसरा फोटो असला तर फारच छान, त्यावरून दातांचा आकार, फट होती का, एक दात दुसऱ्यावर चढलेला होता का सगळं कळतं. अमेरिकेत जेम्स लिऑन विल्यम्स म्हणून एक डेंटिस्ट होते, १९१४ च्या सुमारास त्यांनी मांडलं की चेहऱ्याचा आकार उलटा धरला की पुढच्या वरच्या दाताचा आकार मिळतो, चौकोनी, निमुळता किंवा अंडाकृती, आणि त्यावरून दातांचे साचे निघाले. नंतर लोकांनी मोजमापं घेऊन बघितली तर निसर्गात हे दरवेळी जुळत नाही असं निघालं, पण सेटचे मोल्ड अजूनही बऱ्याच अंशी याच तीन आकारांच्या भाषेत येतात.

मग मेणावर दात लावून ट्रायल असते. आमच्याकडचे एक डॉक्टर पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात, एकसष्ट, बासष्ट, आणि सहासष्टवर कान देतात. 'स' म्हणताना वरच्या-खालच्या दातात अगदी बारीक फट राहायला पाहिजे, दात एकमेकांवर आपटत असतील तर उंची जास्त झाली, आणि फट फार मोठी राहत असेल तर कमी पडली. तसंच 'फ' म्हणायला लावलं की वरच्या दातांची कड खालच्या ओठाला जिथे ओला भाग संपून कोरडा सुरू होतो तिथे हलकी टेकली पाहिजे. एकदा एका आजोबांनी मोजायचं सोडून सरळ हरिपाठच सुरू केला, डॉक्टरांनी पूर्ण म्हणू दिला आणि दोन पुढचे दात पाव मिलीमीटरने मागे घ्यायला माझ्याकडे पाठवले. एवढं सगळं करून जो दात ठरतो त्याचा नंबर आपण पट्टीबरोबर कचऱ्यात टाकतो, याचं मला वाईट वाटतं.

कवळीचा दात का निघतो, हे पण लोक विचारतात. ॲक्रेलिकचा दात आणि ॲक्रेलिकची गुलाबी कवळी एकाच जातीची, त्यामुळे शिजताना ती एकमेकांत रासायनिक जोडली जातात, चिनी मातीच्या दाताला तसं जमत नाही म्हणून त्याच्या पाठीला पिन किंवा पोटात भोक द्यायला लागतं. पण ॲक्रेलिक जोडलं जायला दाताचं बूड स्वच्छ पाहिजे. मेण वितळवून काढल्यावर उकळत्या स्वच्छ पाण्याने दात परत परत धुवायला लागतात, मेणाचा डोळ्याला न दिसणारा थर राहिला तरी जोड कच्चा. दुसरं म्हणजे प्लास्टरला सेपरेटर, म्हणजे ॲक्रेलिक प्लास्टरला चिकटू नये म्हणूनचं द्रावण, लावताना ब्रश दाताच्या बुडाला लागला की झालं, तिथे गुलाबी मटेरियल चिकटणारच नाही. आणि मग साधारण ७४ अंशांच्या पाण्यात आठ-नऊ तास शिजवायचं असतं, घाई झाली की लोक ते तासा-दीडतासात उरकतात. निघालेल्या दाताचं बूड नुसतं बघून आम्हाला कळतं, तुटून गुलाबी कण चिकटलेले असतील तर जोरामुळे गेला, आणि बूड गुळगुळीत, चकचकीत असेल तर आमच्याच कुणाच्या हातून धुवायचं राहिलं. पेशंटचा काही दोष नसतो, आणि बोलणी मात्र त्यांनाच, की कडक कशाला खाल्लं.

म्हणून वाचकांना एक विनंती, कवळीचा दात निघाला तर तो टाकू नका हो. धुवून छोट्या डबीत ठेवा आणि कवळीबरोबर डॉक्टरांकडे द्या. तोच दात असेल तर काम एकदम सोपं आहे. दात जागेवर ठेवून बाहेरच्या बाजूने प्लास्टरचा एक छोटा साचा घेतो आम्ही, त्यामुळे त्याची जागा केसभर पण हलत नाही, मग मागचं ॲक्रेलिक थोडं कोरून दाताला खाच पाडून थंड, म्हणजे न शिजवता घट्ट होणाऱ्या ॲक्रेलिकने जोडतो, वर फिरवून चकचकीत करतो, तासाभराचं काम. पण दुकानातला तो मिनिटात चिकटणारा गोंद कृपा करून लावू नका. लोक घरी लावतात, दात वाकडा बसतो, गोंदाचा थर मध्ये राहतो, नंतर तो खरवडून काढताना कवळीचं बूडपण जातं, आणि असली रसायनं दिवसभर तोंडात ठेवायची नसतात. रस्त्यावर बसून तासात दात बसवून देणारे असतात त्यांच्याकडेही जाऊ नका. शेजारच्या चांगल्या दातांना तार गुंडाळून थंड ॲक्रेलिकने पक्का करून देतात, तो काढता येत नाही, खालून साफ होत नाही, आणि थोड्या वर्षांत शेजारचे चांगले दात पण हलायला लागतात. असे दात सोडवलेले मी बघितलेत, त्यांचा वास मला इथे लिहवत नाही.

आता मॉडेलबद्दल. कवळी झाल्यावर प्लास्टरची मॉडेल्स बहुतेक ठिकाणी टाकून देतात कारण जागा खातात, मला मान्य आहे. पण ती ठेवली तर काय होतं याची एक जुनी खरी गोष्ट आहे. नोव्हेंबर १८४९ मध्ये अमेरिकेत बोस्टन शहरात डॉ. जॉर्ज पार्कमन म्हणून एक श्रीमंत गृहस्थ गायब झाले. काही दिवसांनी हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजमधल्या एका प्राध्यापकाच्या, वेबस्टर त्यांचं नाव, प्रयोगशाळेतल्या भट्टीत कृत्रिम दातांचे तुकडे सापडले. चेहरा नाही, कपडे नाहीत, ओळखायचं कसं. पार्कमन यांचे दात ज्यांनी बनवले ते डेंटिस्ट नेथन कीप यांच्याकडे पार्कमनच्या जबड्याचं मॉडेल तीन वर्षं जपून ठेवलेलं होतं. कोर्टात त्यांनी ते दात त्या मॉडेलवर बसवून दाखवले आणि ते बसले. वेबस्टरला १८५० मध्ये फाशी झाली. तीन वर्षांपूर्वीचं प्लास्टरचं एक ओबडधोबड मॉडेल ठेवलं म्हणून एवढ्या मोठ्या खटल्यात माणसाची ओळख पटली.

आपल्याकडे खटला नको, साधं हॉस्पिटल घ्या. ऑपरेशनच्या आधी भूल देताना कवळी काढून ठेवायला सांगतात. ती कधी ट्रेमध्ये, कधी उशीखाली, कधी कापसात गुंडाळून. माझ्या ओळखीच्या एका घरात वडलांचं ऑपरेशन झालं आणि घरी आल्यावर पाच दिवस त्यांना कवळी बसेना, सगळे म्हणाले आजारपणात तोंड बारीक झालं. कवळी माझ्याकडे आली तेव्हा बघितलं तर खालची त्यांची होती आणि वरची दुसऱ्याच कुणाची तरी. तो दुसरा माणूस पण कुठेतरी यांची कवळी घालून बघत बसला असेल. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. कवळीत नाव घालायला फार काही लागत नाही, अगदी पातळ कागदावर बारीक अक्षरात नाव लिहायचं, वरच्या कवळीच्या आत टाळूच्या मागच्या बाजूला छोटा खड्डा करून त्यात ठेवायचं आणि वरून पारदर्शक ॲक्रेलिक टाकून पॉलिश करायचं. घातल्यावर दिसत नाही, काढली की वाचता येतं. वृद्धाश्रमात तर प्रत्येक कवळीत नाव पाहिजेच, तिथे रात्री सगळ्यांच्या वाट्या एका फळीवर असतात.

हल्ली इम्प्लांटवरच्या, म्हणजे हाडात बसवलेल्या धातूच्या स्क्रूवरच्या कवळ्या निघाल्यात, खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट आणि कवळी त्यावर बटणासारखी टक् करून बसते. त्यांच्यात तर बदलायचे भाग आणखी, कवळीच्या आत नायलॉनची छोटी टोपी असते, ती झिजते आणि बदलायची असते, एका प्रसिद्ध पद्धतीत रंगावरून पकड किती घट्ट ते ओळखायचं, पारदर्शक सगळ्यात घट्ट, मग गुलाबी, मग निळी. पण हाडात कुठल्या कंपनीचं इम्प्लांट आहे हेच पेशंटला माहीत नसेल तर गाव बदलल्यावर नवीन डॉक्टर टोपी आणणार कुठली. इतके पैसे देऊन हातात कागद नाही, हे बरोबर नाही.

मी हे बोललो की डॉक्टर मंडळी म्हणतात पेशंट कागद जपत नाहीत. जपतात हो. चष्म्याच्या नंबरचं कार्ड बघा, कपाटातल्या साड्यांच्या घडीत, देवघराच्या ड्रॉवरमध्ये, पाकिटात, कुठेतरी असतंच. रेशनकार्ड जपणाऱ्या माणसाला दातांचं कार्ड जपायला जमत नाही हे मला पटत नाही. आमच्या लॅबवाल्यांचं म्हणणं वेगळं, ते म्हणतात डॉक्टरांकडून चिठ्ठीवर नुसतं 'ए-२, फुल सेट' एवढंच येतं, कुठला सेट ते लिहून येत नाही, मग जो असेल तो लावतो. हे खरं आहे. पण मग लावलेला तरी लिहून परत पाठवा. आणि एक कारण असं आहे जे कुणी तोंडावर बोलत नाही, ते मी लिहितो. सेट साधे असतात तसे महाग पण असतात, दोन थरांचे, तीन थरांचे, चार थरांचे, किमतीत बराच फरक असतो. नाव-नंबर हातात दिला की पेशंट बाहेर विचारणार. बहुतेक डॉक्टर आणि लॅबवाले प्रामाणिक आहेत, त्यांना तर कार्ड द्यायला काहीच हरकत नसावी. ज्यांना हरकत आहे त्यांनी का आहे ते सांगावं.

माझी मागणी फार मोठी नाही. कवळी देताना एक चिठ्ठी द्यावी, तिच्यावर दातांची कंपनी, पुढच्या आणि मागच्या दातांचे मोल्ड नंबर, शेड, दाढांचे अंश, आणि कवळी कधी बसवली ती तारीख. तारीख यासाठी की पाच-सात वर्षांत हिरडी झिजून कवळी सैल होते आणि तेव्हा ती दाखवायला पाहिजे, लोक पंधरा-पंधरा वर्षं तीच घालतात. डिजिटल पद्धतीने कवळी केली असेल तर तिची फाईल पेशंटला पेन ड्राईव्हवर किंवा मेलवर द्या, ते तर प्लास्टरपेक्षा सोपं. सरकारी डेंटल कॉलेजांमध्ये, मुंबई-नागपूरला आणि आमच्यासारख्या गावांतून जे पेशंट तिकडे जातात त्यांच्यासाठी, हे सुरू झालं तर बाकीचे बघून करतील असं मला वाटतं, कारण शिकणारी मुलं तिथे आहेत, ती सवय घेऊनच बाहेर पडतील. डेंटल कौन्सिलने एक साधा नमुना काढून दिला तर आणखी चांगलं.

आणि ज्यांना हे सगळं जास्त वाटतं त्यांच्यासाठी आणखी सोपं, दातांची ती रिकामी पट्टी लेबलसकट बिलाला स्टेपल करा. खर्च एका पिनेचा.

आईची हिरडी तोपर्यंत बरीच बसली होती, म्हणून दिवाळीआधी डॉक्टरांकडून माप घेऊन तिला नवीन कवळी केली. दात तिने स्वतः निवडले, उन्हात बसून, आणि मला सगळ्यात पांढरे नको म्हणाली, माझे कधी तसे नव्हतेच. वरच्या कवळीत आत तिचं नाव आहे. पट्ट्या चारही तिच्या बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात रबर लावून ठेवल्यात. आमच्या लॅबमधून गेल्या जानेवारीपासून प्रत्येक कवळीच्या डब्यात पट्ट्या जातात, काही क्लिनिकमधून सुरुवातीला फोन आले की हा कचरा आत कसा राहिला. जुन्या पेशंटपैकी ज्यांची कवळी आमच्या लॅबची आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांमार्फत विचारलं तर वहीत जेवढं सापडेल तेवढं मी लिहून पाठवीन, २०१६ नंतरच्या वह्या आहेत, त्याआधीच्या नाहीत.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक डेंटल मेकॅनिक, मिरज
(कृपया नाव छापू नये)